एकोणीस विरुद्ध अठरा : अमेरिकन बास्केटबॉलचा एक हंगाम

आपल्यापैकी ज्यांनी बालपणी मैदानावर हुतूतू खेळला असेल, त्यांना चढाईच्या वेळाचे मोजमाप घड्याळाने कधी करावे लागले नसेल. चढाई करणाऱ्याचा दम हेच त्याचे घड्याळ. दम सुटला की गडी बाद. या साध्या युक्तीने खेळाला आपोआप गती येते, आणि कोणी कितीही कावेबाज असला तरी प्रतिपक्षाच्या अंगणात उभा राहून त्याला वेळ काढता येत नाही.

बास्केटबॉलला असा दम जन्मतः नव्हता. १८९१ साली मॅसॅच्युसेट्स संस्थानातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला आणि त्याचे १३ नियम लिहिले. चेंडू हाती आल्यावर टोपलीत किती वेळात फेकला पाहिजे, याविषयी त्या तेरांत एकही कलम नाही. हौशी विद्यार्थ्यांच्या खेळात ही उणीव खपून गेली. पण तिकीट काढून लोक बसू लागले आणि हारजितीवर मालकांचा पैसा लागला, तेव्हा तीच उणीव एका धंद्याच्या जिवावर उठली. तो प्रसंग ज्या हंगामात स्पष्ट दिसला, त्या १९५०-५१ च्या हंगामाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम या लीगची कुळकथा. ६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्क येथे मोठमोठ्या क्रीडागृहांच्या मालकांनी एक संघटना स्थापन केली. बर्फावरील हॉकीसाठी बांधलेली ही गृहे ज्या रात्री रिकामी राहत, त्या रात्री काहीतरी चालावे, एवढाच मूळ हेतू होता. अध्यक्ष नेमले तेही हॉकीचेच : मॉरिस पोडोलॉफ. हे रशियन साम्राज्यात जन्मलेले, येल विद्यापीठात कायदा शिकलेले गृहस्थ. पुढे १९४९ साली जुन्या प्रतिस्पर्धी संघटनेशी तडजोड होऊन आजची एनबीए जन्मास आली. पहिल्याच वर्षी तिच्यात १७ संघ होते. दुसऱ्या वर्षाच्या आरंभी उरले ११. शेबॉयगन, वॉटर्लू, अँडरसन अशी गावे नकाशावरून गळाली, तशी शिकागो आणि सेंट लुईस ही मोठी शहरेही गळाली. शिकागोच्या बुडालेल्या संघाचे तीन खेळाडू तर टोपीत चिठ्ठ्या टाकून वाटण्यात आले. बोस्टनच्या वाट्याला त्यांतला नको असलेला आला. त्याचे नाव बॉब कूझी; पुढे त्याच्याच भोवती बोस्टनचे वैभव उभे राहिले.

अशा डगमगत्या घरात त्या वर्षी एक नवा दरवाजा उघडला. तोवर एनबीएत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. २५ एप्रिल १९५० च्या निवडीत बोस्टनचे मालक वॉल्टर ब्राउन यांनी चक कूपरचे नाव पुकारले. वॉशिंग्टनने अर्ल लॉइडला घेतले. न्यूयॉर्कने हार्लेम ग्लोबट्रॉटर्सकडून नॅट क्लिफ्टनला विकत घेतले. हे औदार्य होते असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही, आणि नुसता हिशेब होता असे म्हणणेही अन्यायाचे होईल. ग्लोबट्रॉटर्स हा कृष्णवर्णीयांचा फिरता संघ त्या काळी एनबीएपेक्षा अधिक गर्दी खेचीत असे. त्यांचा चालक रुसला तर आपली क्रीडागृहे ओस पडतील, ही मालकांना धास्ती होती. ब्राउन यांनी ती धास्ती बाजूस सारली, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

तिघांपैकी प्रथम मैदानात उतरला तो लॉइड, ३१ ऑक्टोबर १९५० रोजी, रॉचेस्टर येथे; तोही केवळ वेळापत्रकाच्या योगायोगाने. कूपर दुसऱ्याच दिवशी आणि क्लिफ्टन ४ नोव्हेंबरला खेळला. फोर्ट वेन गावी लॉइडला हॉटेलात खोली मिळाली, पण भोजनगृहात बसण्यास मनाई झाली. संघाचा प्रशिक्षक-खेळाडू बोन्स मॅकिनी हा दक्षिणेकडील गोरा मनुष्य. तो लॉइडच्या खोलीत गेला आणि त्याच्यासोबत तेथेच जेवला. पंक्तिभेदाचा इतिहास ज्या समाजाला आहे, त्याला या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. लॉइडचे सात सामने झाले आणि त्याला सैन्यात बोलावणे आले. कोरियाचे युद्ध चालू होते. ९ जानेवारी १९५१ रोजी त्याचा वॉशिंग्टन संघही बुडाला. आता उरले दहा.

आता त्या उणिवेकडे वळू. मिनीॲपोलिसच्या लेकर्स संघात जॉर्ज मायकन नावाचा सहा फूट दहा इंच उंचीचा चष्मेवाला खेळाडू होता. त्याला टोपलीखाली रोखणे कोणालाच साधत नसे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनचा पिस्टन्स संघ मिनीॲपोलिसला आला, तो एक निराळीच मसलत घेऊन. चेंडू आपल्यापाशीच राहिला तर मायकन काय करणार? त्यांनी चेंडू हातात धरून उभे राहण्यास आरंभ केला. सात हजारांवर प्रेक्षक ओरडत होते, हुर्यो उडवीत होते. नियमाप्रमाणे पंचांना काहीच करता येत नव्हते. मध्यंतराला गुण होते लेकर्स १३, पिस्टन्स ११. शेवटच्या चतुर्थांशात दोन्ही संघांचे मिळून चार गुण झाले. अखेरच्या काही सेकंदांत लॅरी फाउस्टने चेंडू टोपलीत घातला आणि पिस्टन्स १९-१८ असे जिंकले. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. उभ्या सामन्यात दोन्ही बाजूंनी मिळून मैदानी टोपल्या अवघ्या आठ. एनबीएतील सर्वांत कमी गुणांचा सामना म्हणून तो आजही नोंदलेला आहे.

पिस्टन्सना दोष देणाऱ्यांची तेव्हा वाण नव्हती. आम्हांस तो दोष पटत नाही. दुबळ्याने बलाढ्याशी लढताना नियमाच्या फटीचा आश्रय केला, तर अपराध फटीचा. आणि ती फट बुजवणे चालकांचे काम.

दीड महिन्यानंतर, ६ जानेवारी १९५१ ला, रॉचेस्टर येथे हेच दुखणे दुसऱ्या रूपाने उद्भवले. रॉचेस्टर आणि इंडियानापोलिस यांची ६५-६५ अशी बरोबरी झाली. पाच मिनिटांची जादा वेळ, मग पुन्हा जादा वेळ, असे सहा वेळा झाले. ज्याच्या हाती चेंडू येई तो शेवटच्या फेकीसाठी थांबून राही. दोन जादा डावांत तर एकही गुण झाला नाही. कंटाळून लोक उठून गेले. ७८ मिनिटांच्या खेळानंतर राल्फ बिअर्डने टोपली साधली आणि इंडियानापोलिस ७५-७३ ने जिंकले.

हा बिअर्ड आणि त्याचा सहकारी ॲलेक्स ग्रोझा हे १९४८ च्या ऑलिंपिकचे सुवर्णपदकविजेते, आणि गंमत म्हणजे आपल्या संघाचे भागीदारही. पण १९५१ च्या आरंभी न्यूयॉर्कच्या महाविद्यालयीन खेळातील सट्टेबाजी उघडकीस आली. सट्टा हारजितीवर नसे, गुणांच्या फरकावर असे. जिंकावे, पण थोड्या फरकाने, यासाठी मुलांना पैसे चारले जात. धागेदोरे केंटकी विद्यापीठापर्यंत गेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बिअर्ड आणि ग्रोझा यांना अटक झाली, विद्यार्थिदशेत पैसे घेतल्याचे त्यांनी कबूल केले आणि पोडोलॉफ यांनी दोघांना जन्मभर बंदी केली. त्यांचा संघ १९५३ पर्यंत कसाबसा टिकला.

लोकांचा विश्वास असा उडू लागलेला असताना २ मार्च १९५१ रोजी बोस्टनला निवडक खेळाडूंचा पूर्व विरुद्ध पश्चिम सामना झाला. नुकसान आले तर पदरचे भरू, असे ब्राउन यांनी आधीच सांगून ठेवले होते. भरावे लागले नाही. १०,०९४ प्रेक्षक आले, पूर्वेने १११-९४ ने बाजी मारली, आणि तो वार्षिक सोहळाच होऊन बसला.

अंतिम फेरी रॉचेस्टर आणि न्यूयॉर्क यांच्यात झाली. मायकनचा पाय दुखावला असल्याने लेकर्स आधीच गारद झाले होते. रॉचेस्टरने पहिले तीन सामने जिंकले, न्यूयॉर्कने पुढचे तीन; २१ एप्रिलला सातवा रॉचेस्टरने ७९-७५ असा घेतला. तो संघ पुढे सिनसिनाटीला, कॅन्सस सिटीला आणि अखेर सॅक्रामेंटोला गेला. त्यानंतर विजेतेपद त्याला लाभलेले नाही.

आणि ती फट? ती बुजण्यास १९५४ साल उजाडले. सिराक्यूजचे संघमालक डॅनी बियासोन यांची बोलिंग खेळाची जागा होती. त्यांचा हिशेब किराणा दुकानदाराचा : सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंद, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून सुमारे १२० फेकी होतात, भागाकार केला की २४. म्हणून २४ सेकंदांत फेक केलीच पाहिजे, नाहीतर चेंडू प्रतिपक्षाला. एका हंगामात प्रत्येक संघाची सरासरी ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली.

या नियमाखालची पहिली अंतिम फेरी १९५५ च्या एप्रिलात फोर्ट वेन आणि सिराक्यूज यांच्यात झाली. फोर्ट वेनकडे अजून फाउस्ट होता. सिराक्यूजकडून, सैन्यातून परतलेला अर्ल लॉइड खेळत होता. सातवा सामना सिराक्यूजने एकाच गुणाने जिंकला. पण या वेळी फलकावर आकडे होते ९२-९१.