इंद्रायणीकाठची विरहिणी आणि दरवेश

रूमी, मीरा, तुकोबा ही नावे आपण एका दमात घेतो आणि ईश्वरप्रेमाचा अनुभव सगळीकडे सारखाच असतो, असे म्हणून मोकळे होतो. मावळच्या इतिहासाशी हे विधान ताडून पाहिले, तर ते अपुरे वाटते. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावून इंद्रायणी मावळातून देहू-आळंदीकडे जाते. या खोऱ्यातून कोकण आणि देश जोडणारी घाटवाट फार जुनी. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. म्हणजे परक्या माणसाने आपली श्रद्धा इथल्या दगडात कोरावी, ही रीत दोन हजार वर्षांची. सतराव्या शतकातल्या प्रेमकवितेतले साम्यही मला असेच, वाटेने आलेले दिसते. तुकोबांनी वेगवेगळ्या परंपरांचे आवाज ऐकले, ओळखले आणि वेगळे राखूनच आपल्या तोंडी घेतले.

पुरावा तुकोबांच्या गाथेतच आहे. विराण्यांमध्ये घरदार, नवरा, लोकलाज सोडून परपुरुषाशी नाते जोडणारी बाई उघडपणे बोलते. तो परपुरुष म्हणजे देव. त्याच गाथेत दरवेस, मलंग, मुंढा या नावांची दखनी पदे आहेत आणि त्यांत अल्लाचे नाव येते. विरहिणी मराठीत बोलते, दरवेश दखनीत. दोघांची सरमिसळ कवीने केलेली नाही. दारी येणाऱ्या फकिराची बोली, त्याची हाक, त्याचे मागणे कानावर असल्याशिवाय अशी रचना होत नाही. एकनाथांच्या भारुडांनी ही वाट आधीच मळलेली होती. शेजारच्या मुलखात, श्रीगोंद्यात, शेख महंमद ‘योगसंग्राम’ मराठीत लिहीत होते. पंढरीच्या वाटेवर त्यांना कोणी परके मानले नाही.

यावर कोणी म्हणेल, दखनी पदे मागाहून घुसडलेली असतील. शंका रास्त आहे, कारण गाथेच्या प्रतींत पाठभेद पुष्कळ. 1869 ते 1873 या काळात इंदुप्रकाश छापखान्याने सरकारी मदतीने गाथा छापली, तेव्हा देहू, तळेगाव, पंढरपूर आणि कडूस इथल्या वह्या ताडून पाहाव्या लागल्या. तुकोबांचे अभंग लिहून घेणाऱ्या संताजी जगनाडे यांच्या हातची वही वि. ल. भावे यांनी नंतर वेगळी छापली. संताजी जातीने तेली, समाधी मावळातल्या सुदुंबऱ्याला. पण समजा एखादे पद दुसऱ्याचे निघाले, तरी माझा मुद्दा ढळत नाही, उलट बळकट होतो. पिढ्यान्‌पिढ्या वह्या उतरवून घेणाऱ्या कष्टकरी वारकऱ्यांना तुकोबांच्या तोंडी दरवेशाची हाक खटकली नाही, हीच इतिहासाच्या दृष्टीने मोठी गोष्ट.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: विरहाची भाषा सूफींकडूनच आली असेल. तसे मानायला आधार नाही. ज्ञानदेवांच्या विरहिणी तेराव्या शतकातल्या. गोपींची कथा त्याहून जुनी. शिवाय विरहिणी आणि दरवेश ही सोंगेच असतील तर त्यांत प्रेम खरे कसे, असाही प्रश्न येतो. कीर्तन ऐकलेल्या माणसाला तो पडणार नाही. तिथे वासुदेव होऊन, गौळण होऊनच मनातले बोलता येते. घरच्या बाईला जे बोलायची मुभा नाही, ते विराणीत चारचौघांत गायले जाते. ही मुभा मला या परंपरेची सर्वांत धाडसी देणगी वाटते.

आणि साम्यावर फार भर दिला, की जे फक्त इथलेच आहे ते हातातून निसटते. फारसी गझलेत देव प्रियतम आहे, साकी आहे. तुकोबांचा विठोबा साडेचार हजारांहून अधिक अभंगांत बहुतेक वेळा आई असतो, आणि कधी कधी ज्याच्याकडे थकलेले येणे मागायचे असा देणेकरी. हे लिहिणारा देहूचा वाणी होता. 1630 च्या दुष्काळात त्याचे दिवाळे निघाले आणि पहिली बायको अन्नान्न करत गेली. भंडाऱ्याच्या डोंगरावर बसून तो देवाशी हक्काने भांडतो ते लेकरू म्हणून आणि हिशेब ठेवणारा म्हणून. दरवेश होऊन मागतो तेव्हा मात्र त्याचा सूर निराळा लागतो.