महारोग आणि कायदा

'महारोग' हा शब्दच असा अवजड, की तो उच्चारताच माणूस वेशीबाहेर गेलेला असतो. अज्ञानापोटी समाजाने घातलेला बहिष्कार एकवेळ समजता येईल. परंतु ज्ञान हाती आल्यावर राज्यकर्त्यांनी त्याचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

१८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे डॉ. हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. पूर्वजन्मीचे पाप, देवाचा कोप या कल्पना तेव्हाच निकालात निघावयास हव्या होत्या. झाले उलटेच! जंतू म्हणजे संसर्ग, आणि संसर्ग म्हणजे माणसाला दूर लोटण्याचा शास्त्रीय परवाना, असा अर्थ लावला गेला. त्याच वर्षी मोलोकाय बेटावर रुग्णसेवेस गेलेले फादर डेमियन १८८९ साली याच रोगाने निवर्तले, आणि भयाला अधिकच धार चढली.

डेमियन यांच्या स्मरणार्थ इंग्लंडमध्ये उभारलेल्या निधीतून हिंदुस्थानात एक आयोग आला. १८९०-९१ मध्ये पाहणी करून त्याने निर्वाळा दिला, की संसर्गाचा धोका अल्प असून सक्तीचे विलगीकरण समर्थनीय नाही. तरीही १८९८ चा महारोगी कायदा झालाच. उघड्यावर भीक मागणाऱ्या वा निर्वाहाचे साधन नसलेल्या रुग्णास पोलिसाने वॉरंटाशिवाय पकडावे, अशी त्यात तरतूद होती. घरी बसून खाणाऱ्या श्रीमंत रुग्णास अटकेचे हे कलम लागू नव्हते. जंतूला गरीब-श्रीमंत कळत नाही. कायद्याला मात्र कळत होते!

अशा भयाने माणूस पहिला चट्टा लपवितो. बधिर झालेले बोट चुलीशी भाजते, जखम चिघळते, आणि मग ते झडलेले बोट पाहूनच लोक म्हणतात, 'पाहा, रोग किती भयंकर!' कलंक आपला पुरावा असा स्वतःच घडवितो.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोग पूर्णतः बरा होऊ लागला. पुढे २००१ साली आपल्या ख्रिस्ती समाजाला लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात दुरुस्ती झाली. स्त्रियांना समान कारणांवर दाद मागू देणारी ती दुरुस्ती स्वागतार्हच होती. पण घटस्फोटाच्या नव्या कारणांत तिने 'असाध्य कुष्ठरोग'ही घातला. औषध उपलब्ध झाल्यावर तब्बल वीस वर्षांनी! १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. घटस्फोटाचे हे कारण ख्रिस्ती, हिंदू, मुस्लिम अशा सर्वच कायद्यांतून वगळले गेले, ते २०१९ साली.