मिरचीचा हरवलेला पत्ता

"बाबा, मिरची आपलीच ना?" ठेचा खाताना लेकीने विचारलं. उत्तर आमच्या न्युरेम्बर्गमध्येच सापडलं!

इथल्या म्युझियमच्या संग्रहात मार्टिन बेहाइमचा १४९२ सालचा पृथ्वीगोल आहे. त्यावर अमेरिका नाहीच. त्याच वर्षी कोलंबस निघाला होता. १४९३ च्या दुसऱ्या सफरीत त्याच्याबरोबर डॉ. चांका होते. बेटांवरचे लोक मासे, पाखरं खाताना 'आही' नावाचा मसाला वापरतात, असं त्यांनी पत्रात कळवलं. आही म्हणजेच मिरची.

जहाजांतून बी युरोपात पोचलं, पण पत्ता मात्र हरवला. १५४२ च्या वनस्पतिग्रंथात लिओनहार्ट फुक्सने तिला चक्क 'कालिकतची मिरी' म्हटलं! पुढे १६१३ मध्ये न्युरेम्बर्गचे औषधविक्रेते बासिलिउस बेसलर यांनी आइखश्टेटच्या बिशपच्या बागेवर भलामोठा सचित्र ग्रंथ काढला. त्यातही मिरच्या दिमाखात आहेत.

पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली आणि आपण तिला पार घरचीच करून टाकली. पण हजारो वर्षं तिची निगा राखली ती अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी. जहाजांनी बी उचललं, त्यांची नावं कोणी लिहून घेतली नाहीत.

म्हणून लेकीला सांगितलं, "आपलीच गं, पण माहेर अमेरिकेचं. आणि माहेरचं नाव आही."