बेटावरचा खून आणि आपली रहस्यकथा

इंग्रजी रहस्यकथेचा एक ठरलेला साचा आहे. छोटंसं बेट, त्यावर टुमदार हॉटेल, सात-आठ पाहुणे आणि अचानक एक खून. खुनी त्या पाहुण्यांपैकीच कुणीतरी. आम्हा प्रोग्रामरांच्या भाषेत सांगायचं तर बाहेरून इनपुट बंद, म्हणजे बग आतच आहे!

हा साचा अगदी हवेतून आलेला नाही. इंग्लंडमध्ये डेव्हनच्या किनाऱ्याजवळ बर्ग आयलंड नावाचं बेट आहे. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, भरती आली की वाट बंद. तिथे १९२९ साली झोकदार हॉटेल उभं राहिलं. अगाथा ख्रिस्तीच्या १९३९ आणि १९४१ च्या दोन बेट-कादंबऱ्यांमागे हीच जागा आहे. दुसरीत तर चक्क हॉटेलच आहे आणि पाहुण्यांत खुद्द पॉयरो.

मग मराठीत हा साचा का रुजला नाही? आपल्याकडे रहस्यकथा काही कमी नव्हत्या. बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांनी हजारावर लिहिल्या. गंमत म्हणजे ज्या अर्नाळ्याचं नाव त्यांनी लावलं, तिथे समुद्रात बेटावर किल्लाही आहे. पण त्यांचे झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू हे धावपळ करणारे वीर. आरामखुर्चीत बसून चहा पीत खुनी शोधणं हा त्यांचा पिंडच नव्हे.

मला वाटतं, कारण समुद्र नाही, माणसं आहेत. आमची मोहाडी भंडारा जिल्ह्यात, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण बेट होणं म्हणजे काय ते या भागाला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा जिल्ह्यातल्या कित्येक गावांचा संपर्क तुटला होता. पण अशा गावात सगळे एकमेकांच्या तीन पिढ्या ओळखून असतात. ख्रिस्तीच्या बेटाला मात्र अनोळखी माणसं लागतात. पाहुण्याने सांगितलेलं नावगाव खरं की खोटं, इथूनच तिची गोष्ट सुरू होते.

राजा नवाथे या मराठी दिग्दर्शकाने १९६५ साली 'गुमनाम' केला, तो याच १९३९ च्या कादंबरीवर बेतलेला. तिथेही अनोळखी माणसं एकत्र आणायला आधी बक्षिसाची सहल आणि मग विमान लागलं!

म्हणून 'मराठीला ख्रिस्ती जमली नाही' असं कुणी नाक मुरडून म्हटलं की मला पटत नाही. अर्नाळकरांनी आपल्या वाचकाला हवं ते दिलं. तो वाचक अनोळखी माणसांत राहत नव्हता, इतकंच.

आता मात्र आपण राहतो. वाकड किंवा ठाण्यातला वीस मजली टॉवर घ्या. गेटवर नोंदवही, लिफ्टमध्ये कॅमेरा आणि समोरच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव फक्त पाटीवरून माहीत. रात्री गेट बंद झालं की बेट तयार! ती मराठी कादंबरी लिहायला आता विमानाची गरज नाही. असो. तोवर एकदा समोरची बेल वाजवून बघा.