शल्यचिकित्सेतील फेलोशिपची मानके

जनरल सर्जरीचे शिक्षण संपवलेला सर्जन यकृत-स्वादुपिंड, लठ्ठपणा किंवा दुर्बिणीची प्रगत शस्त्रक्रिया अशा एखाद्या उपशाखेत आणखी एक-दोन वर्षे शिकतो, त्या प्रशिक्षणाला फेलोशिप म्हणतात. ती कोणत्या रुग्णालयाने द्यावी, फेलोने काय आणि किती करावे, त्याच्या हाती रुग्ण केव्हा सोपवावा, हे ठरवणारे नियम म्हणजे ही मानके. अमेरिका व कॅनडात ती घडण्यास मोठे निमित्त झाले पित्ताशय.

जर्मनीत एरिक म्यूह यांनी 1985 मध्ये, तर फ्रान्समधील लिऑं येथे फिलिप मूरे यांनी 1987 मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया 1990 मध्ये केली. पोटावर मोठी चीर नाही आणि रुग्ण लवकर घरी, त्यामुळे मागणी झपाट्याने वाढली. व्यवसायात मुरलेले अनेक सर्जन शनिवार-रविवारचा वर्ग करून कामाला लागले. त्याची किंमत रुग्णांनी मोजली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील सर्जनांच्या गटाने 1991 मध्ये 1,518 शस्त्रक्रियांचा अहवाल दिला. प्रत्येक चमूच्या पहिल्या 13 रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण 2.2 टक्के होते, पुढच्या रुग्णांत 0.1 टक्का. न्यूयॉर्क राज्याने 1992 मध्ये दंडक घातला : स्वतंत्रपणे काम करण्याआधी किमान 15 शस्त्रक्रिया जाणत्याच्या देखरेखीखाली.

याच दशकात फेलोशिप भराभर निघाल्या, पण त्यांना एकसारखे नियम नव्हते. 1997 मध्ये सुरू झालेल्या प्रयत्नांतून ‘फेलोशिप कौन्सिल’ उभी राहिली. कार्यक्रमांची तपासणी, मान्यता, सामाईक प्रवेशप्रक्रिया आणि प्रत्येक फेलोच्या शस्त्रक्रियांची नोंद ही तिची कामे. किमान संख्याही ठरल्या. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या प्रमाणपत्रासाठी 100 शस्त्रक्रिया हव्यात, त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुख्य सर्जन म्हणून.

संख्या मोजायला सोपी, म्हणूनच तिच्यावर विसंबणे धोक्याचे. मिशिगनमधील लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करणाऱ्या 20 बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनांनी आपल्या शस्त्रक्रियेची चित्रफीत दिली आणि सहव्यावसायिकांनी नाव न कळता तिला गुण दिले. 2013 मध्ये निष्कर्ष आले : सर्वांत कमी गुणांच्या गटात गुंतागुंत 14.5 टक्के, सर्वांत वरच्या गटात 5.2 टक्के. हे सगळे काम करणारे, अनुभवी सर्जन होते.

हात पारखण्याची एक पद्धत माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तयार झाली. पहिल्या कामात पेटीत खुंट्या असतात आणि सहा लहान रबरी वस्तू. पडद्याकडे पाहत, सवयीच्या नसलेल्या हातातील चिमट्याने वस्तू उचलायची, अधांतरीच दुसऱ्या चिमट्यात द्यायची आणि पलीकडच्या खुंटीवर बसवायची. सहाही नेल्या की कोणत्याही क्रमाने परत आणायच्या. मर्यादा 300 सेकंद, वस्तू आवाक्याबाहेर पडली तर गुण जातात. दुसऱ्या कामात गॉजवर छापलेले वर्तुळ रेषेवरूनच कापायचे, शेवटच्या दोनांत टाके घालून गाठी मारायच्या. 2009-10 पासून शिक्षण पूर्ण करणाऱ्या सर्जनांना अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीच्या प्रमाणपत्रासाठी ही परीक्षा सक्तीची झाली.

तरीही पाया कच्चा राहतो. 2013 च्या पाहणीत फेलोशिप चालवणाऱ्या प्रमुखांनी सांगितले की, नव्या फेलोंपैकी 30 टक्क्यांना दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रियाही स्वतंत्रपणे जमत नाही. मग फेलोशिपचे पहिले काही महिने मागची उजळणी करण्यातच जातात.

भारतात राष्ट्रीय परीक्षा मंडळाची ‘एफएनबी’ ही दोन वर्षांची फेलोशिप मिनिमल अ‍ॅक्सेस सर्जरीतही (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही) आहे. अमेरिकेत आता प्रत्यक्ष कामातही पारख होते : अमेरिकन बोर्डाने जुलै 2023 पासून जनरल सर्जरीसाठी 18 कामे नेमून दिली आहेत. शस्त्रक्रिया आटोपताच शिक्षकाने मोबाइलवर नोंदवायचे की, शिकणाऱ्याला किती मदत लागली : प्रत्येक पावलाला, अधूनमधून की मुळीच नाही. फेलोशिप कौन्सिलनेही आपल्या उपशाखांसाठी हीच पद्धत हाती घेतली आहे.