स्वस्त क्रोमबुक घ्यावे का? खंडाळा तालुक्यातील विद्यार्थी, अभ्यासिका आणि कार्यकर्त्यांसाठी माहिती



बारावीचा निकाल लागला की वस्तीवस्तीत एकच विचारणा सुरू होते: पोरीला लॅपटॉप घ्यायचा आहे, कोणता घेऊ? बरा विंडोज लॅपटॉप चाळीस हजारांच्या आसपास जातो. त्याच वेळी ऑनलाइन सेलमध्ये पंधरा-वीस हजारांचे क्रोमबुक दिसते. शिरवळच्या कारखान्यात कंत्राटावर राबणाऱ्या माणसासाठी ही महिना-दीड महिन्याची कमाई असते. हप्त्यावर घेतलेले यंत्र कामाचे निघाले नाही, तरी हप्ते भरावेच लागतात. म्हणून साताऱ्याच्या खंडाळा तालुक्यातील तरुण डोळ्यांसमोर ठेवून आम्ही ही माहिती एकत्र करत आहोत. इतर तालुक्यांतील वाचकांनाही ती उपयोगी पडेल.

आमचे मत आधीच सांगतो. किंमत पाहून क्रोमबुक घेऊ नका, काम पाहून घ्या. काही कामांना ते पुरेपूर आहे, काही कामांना बिलकूल नाही.

क्रोमबुक म्हणजे काय?

साध्या लॅपटॉपवर विंडोज असते आणि त्यात आपण वेगवेगळी सॉफ्टवेअर भरतो. क्रोमबुकवर गूगलची क्रोमओएस ही प्रणाली असते. तिचा गाभा म्हणजे क्रोम ब्राउझर. पत्र लिहिणे, तक्ता करणे, ईमेल, बैठक अशी बहुतेक कामे ब्राउझरमध्येच होतात आणि फाइली मुख्यतः गूगल ड्राइव्हवर राहतात. बहुतेक नव्या क्रोमबुकवर मोबाइलसारखी अँड्रॉइड ॲपही चालतात.

पहिली क्रोमबुक २०११ मध्ये बाजारात आली. अमेरिकेतील शाळांनी ती मोठ्या प्रमाणावर घेतली. ऑक्टोबर २०२३ पासून एचपी कंपनी चेन्नईजवळ भारतातच क्रोमबुक बनवू लागली. त्याच वर्षी रिलायन्सने १६,४९९ रुपयांचे जिओबुक आणले. त्याची प्रणाली अँड्रॉइडवर बेतलेली आहे, म्हणजे ते क्रोमबुक नाही. पण विंडोजची सॉफ्टवेअर त्यावरही चालत नाहीत. त्यामुळे पुढच्या बऱ्याच गोष्टी त्यालाही लागू पडतात.

कोणत्या कामांना चांगले?

१. अर्ज भरणे. महाडीबीटीवरील शिष्यवृत्ती, स्वाधार योजना, बार्टीच्या जाहिराती, एमपीएससीचे अर्ज, ऑनलाइन माहिती अधिकार ही सगळी कामे ब्राउझरमध्ये होतात. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर लांबलचक अर्ज भरताना चुका राहतात आणि अर्ज परत येतो. मोठा पडदा आणि कळफलक असला की हा त्रास कमी होतो. नेट कॅफेवाल्याला दर वेळी पैसे द्यावे लागत नाहीत आणि आपला पासवर्डही त्याच्या हाती जात नाही.

२. वाचन आणि अभ्यास. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे हे इंग्रजी खंड पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरी लिपीतील पालि तिपिटक संकेतस्थळावर ठेवले आहे. तेही ब्राउझरमध्ये वाचता येते.

३. संघटनेचे काम. निवेदने, इतिवृत्त, वर्गणीचा हिशेब, ऑनलाइन बैठका, कॅनव्हासारख्या संकेतस्थळावर १४ एप्रिलची पत्रिका. एकाच फाइलवर खंडाळा, लोणंद आणि शिरवळचे तिघे कार्यकर्ते एकाच वेळी काम करू शकतात.

४. टिकाव. यंत्र काही सेकंदांत सुरू होते. विंडोजचे व्हायरस त्यावर चालत नाहीत. बॅटरी साधारणपणे जास्त वेळ पुरते, त्यामुळे वीज गेली तरी काम अडत नाही. लॅपटॉप बिघडला किंवा हरवला तरी ड्राइव्हवरच्या फाइली शाबूत राहतात.

कुठे अडते?

१. इंटरनेट. गूगल डॉक्समधील ठरावीक फाइली नेटशिवाय वापरता येतात, पण ती सोय आधी चालू करून ठेवावी लागते. बाकी बहुतेक कामांना नेट हवेच. खंबाटकी घाटाच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांत जिथे रेंज येते-जाते, तिथे हे यंत्र निम्मे निकामी होते. मोबाइलचा हॉटस्पॉट वापरणार असाल तर रोजचा दीड-दोन जीबी डेटा व्हिडिओ पाहण्यात आणि बैठकांत लवकर संपतो. रिचार्जचा खर्च लॅपटॉपच्या किमतीत धरूनच हिशेब करा.

२. नोकरीला लागणारी सॉफ्टवेअर. टॅली क्रोमओएसवर थेट बसत नाही. आयटीआय-डिप्लोमाला लागणारे पूर्ण ऑटोकॅड बसत नाही. ब्राउझरमधले एक्सेल चालते, पण मॅक्रोसारख्या सोयी त्यात अपुऱ्या पडतात. शिरवळच्या कंपन्यांत स्टोअर, हिशेब किंवा ड्रॉइंगच्या कामावर जाऊ पाहणाऱ्याला सराव विंडोजवरच हवा.

३. टंकलेखन. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट या वेगाचे प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी परीक्षेची तयारी संस्थांमध्ये विंडोजवर होते. क्रोमबुकवर युनिकोड मराठी लिहिता येते, पण परीक्षेचा सराव ज्या संगणकावर व्हायचा त्याच पद्धतीच्या संगणकावर केलेला बरा.

४. जुन्या फाइली. विहारांच्या आणि मंडळांच्या कित्येक घटना, दाननोंदी, स्मरणिका श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये आहेत. क्रोमबुकवर त्या उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. आधी विंडोजवर त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्यावे लागते. पेजमेकर आणि कोरलड्रॉही त्यावर चालत नाहीत.

५. जोडणी. जुने यूएसबी लेझर प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आणि डिजिटल सहीची टोकन अनेकदा चालत नाहीत. सेवा केंद्र काढण्याचा विचार असेल तर क्रोमबुक घेऊ नका.

६. वाढवता न येणे. स्वस्त क्रोमबुकमध्ये बहुधा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असते. दोन्ही बोर्डावरच पक्के बसवलेले असल्यामुळे पुढे वाढवता येत नाहीत. दहा-पंधरा टॅब उघडले की यंत्र रेंगाळते.

मुदत संपण्याची तारीख

ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. प्रत्येक क्रोमबुकला सुरक्षा-अपडेट मिळण्याची शेवटची तारीख ठरलेली असते. ती आपण खरेदी केली त्या दिवसापासून मोजत नाहीत. त्या मॉडेलचा मूळ आराखडा बाजारात आला तेव्हापासून मोजतात. अमेरिकेतील शाळांत चालू स्थितीतील यंत्रे याच कारणाने भंगारात जाऊ लागली तेव्हा ओरड झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने १० वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. २०२१ आणि त्यानंतरच्या आराखड्यांना ते आपोआप मिळतात. म्हणून सेलमध्ये फार स्वस्त दिसणारे मॉडेल जुने तर नाही ना, हे पाहा. सेटिंगमध्ये ‘अबाउट क्रोमओएस’ या भागात ही तारीख दिसते. जुने यंत्र घेताना तर ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

आपली माहिती कोणाच्या हाती?

क्रोमबुक वापरायचे म्हणजे जवळजवळ सगळे काम एका परदेशी कंपनीच्या खात्यात ठेवायचे. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने हेल्सिंगोर पालिकेच्या शाळांत क्रोमबुक आणि गूगल वर्कस्पेसच्या वापरावर याच चिंतेतून बंदी घातली होती. आपल्याकडे अत्याचाराच्या प्रकरणांतील कागद, फिर्यादीची नावे आणि साक्षीदारांचे फोन नंबर कार्यकर्त्यांच्या ईमेलमध्ये पडून असतात. खाते बंद पडले, पासवर्ड विसरला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर नुकसान त्या पीडित कुटुंबाचे होते.

त्यासाठी चार पथ्ये पाळा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू ठेवा. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक छापून ठेवा. मोफत मिळणारी १५ जीबी जागा ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असते, हे ध्यानात ठेवा. संघटनेचे खाते वापरात ठेवा, कारण दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते.

जुना लॅपटॉप टाकून देऊ नका

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. अनेक जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही, म्हणून लोक ते विकून टाकत आहेत. गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही प्रणाली मोफत आहे. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून ती जुन्या लॅपटॉपवर बसवता येते. किमान ४ जीबी रॅम लागते. त्यावर अँड्रॉइड ॲप चालत नाहीत, पण ब्राउझरची सगळी कामे होतात. नेट कमी असेल तर लिनक्स अधिक बरे, कारण त्यात लिबरऑफिस नेटशिवाय चालते. कोणतीही प्रणाली बसवण्याआधी जुन्या फाइलींची प्रत काढून घ्या. बसवताना डिस्क पुसली जाते.

वीस हजारांत एखाद्या खात्रीच्या विक्रेत्याकडून वॉरंटीसह दुरुस्त केलेला, विंडोज ११ चालणारा जुना ऑफिस-लॅपटॉपही मिळू शकतो. टॅली, ऑटोकॅड किंवा टंकलेखन करायचे असेल तर आम्ही हाच मार्ग सुचवू.

थोडक्यात

कला शाखेचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेचे उमेदवार, शिक्षक आणि घरी चांगले नेट असलेले कार्यकर्ते यांनी क्रोमबुक जरूर घ्यावे. शक्य असेल तर ८ जीबी रॅमचे घ्यावे. वाणिज्य, अभियांत्रिकी आणि आयटीआयचे विद्यार्थी, डीटीपी आणि सेवा केंद्रवाले, तसेच रेंज नसलेल्या गावातील मुले यांनी घेऊ नये. घेण्याआधी पुढच्या तीन वर्षांत करायच्या कामांची यादी कागदावर लिहा. त्यातले एक जरी काम विंडोजशिवाय होत नसेल तर मोह टाळा. तथागतांनी कालामांना कोणी सांगितले म्हणून न स्वीकारता स्वतः पारखून घ्यायला सांगितले होते. बाजारातली जाहिरातही त्याच कसोटीला लावा.

विहारांना आवाहन

क्रोमबुकचा सर्वांत चांगला उपयोग एका घरापेक्षा विहाराच्या अभ्यासिकेत होईल, असे आम्हाला वाटते. एका यंत्रावर अनेक जण आपापल्या खात्याने काम करू शकतात. ‘गेस्ट’ म्हणून बसणारा उठला की त्याची माहिती पुसली जाते, त्यामुळे एका मुलीचा अर्ज दुसऱ्याला दिसत नाही. दोन यंत्रे, एक वायफाय जोडणी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ मदतीला बसणारा एक शिकलेला तरुण एवढे असले, तरी शिष्यवृत्तीचा अर्ज राहिला म्हणून कोणाचे शिक्षण थांबणार नाही.

सावित्रीमाईंचा जन्म ज्या नायगावात झाला ते याच तालुक्यात आहे. बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्या शाळेत प्रवेश घेतला ती याच जिल्ह्यात, साताऱ्यात आहे. त्या दिवशी राज्यात विद्यार्थी दिवस पाळला जातो. येत्या ७ नोव्हेंबरला प्रत्येक विहार समितीने हार-फुलांच्या खर्चातून थोडे बाजूला काढून अभ्यासिकेसाठी एक यंत्र घ्यावे, किंवा कोणाच्या घरी पडून असलेला जुना लॅपटॉप मागून दुरुस्त करावा. ३ जानेवारीला नायगावला जाताना त्या यंत्रावरून किती अर्ज भरले गेले, याचा आकडा सोबत असू द्या.

जय भीम!