पडद्यामागचे मौन

संगणकांच्या चुकीच्या उत्तरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. न आलेल्या निरोपांविषयी त्या मानाने कमी. वास्तविक पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या आज्ञावलींच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक अवघड आहे. समोरची आज्ञावली अडखळली तर ते दिसते. मागची बंद पडली तर काहीच दिसत नाही, आणि काही दिसत नाही म्हणजे सारे सुरळीत आहे, अशी आपली समजूत असते.

युनिक्स प्रणालीत यावर एक साधा उपाय आहे. ठरलेल्या वेळी कामे उरकणारा 'क्रॉन' त्या कामांतून निघालेला मजकूर, त्रुटिसंदेशांसह, काम ज्याच्या नावावर असेल त्याला टपालाने पाठवतो. सोय चांगलीच, परंतु काम लावणारा आणि त्या कामावर विसंबणारा माणूस एकच, हे तिच्यातले गृहीतक मोठ्या संस्थेत टिकत नाही.

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात याचा प्रत्यय आला. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात दुपारी २.१४ नंतर थोड्याच वेळात धोक्याच्या सूचना देणारी आज्ञावली बंद पडली. पडदे चालू होते. फक्त सूचना येत नव्हत्या. २.४१ ला मुख्य सर्व्हर कोसळला, २.५४ ला पर्यायी सर्व्हरही. पेजरवर संदेश आपोआप गेला खरा, पण तो संगणक विभागातील तंत्रज्ञांना. ३.०८ पर्यंत त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला. सूचना येऊ लागल्या का, हे मात्र नियंत्रण कक्षाला कोणी विचारले नाही. त्या आलेल्या नव्हत्या.

याच सुमारास, ३.०५ ते ३.४१ या वेळात, ३४५ किलोव्होल्टच्या तीन वाहिन्या झाडांना टेकून एकामागून एक बंद झाल्या. बाहेरून दूरध्वनी येत होते; परंतु पडदा शांत असल्याने त्यांचे गांभीर्य कक्षातील माणसांना उमगले नाही. यंत्रणाच मुकी झाली आहे हे ध्यानात यायला ३.४२ वाजले. ४.१३ पर्यंत ईशान्य अमेरिका आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली होती.

दोष एकट्या आज्ञावलीचा नव्हता. वाहिन्यांखालची झाडे वेळेवर छाटलेली नव्हती, हेही दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशीत नोंदले गेले. आज्ञावलीतली चूकही पुढे सापडली: दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच माहितीला हात घालीत, आणि त्या गोंधळात यंत्रणा अडकून बसे. ही चूक दुरुस्त करणे तंत्रज्ञांचे काम होते. कक्षातील माणसाला तिचा तपशील कळण्याची काहीच गरज नव्हती. 'सूचना यंत्रणा बंद आहे. पडद्यावर विसंबू नका' एवढे एक वाक्य त्याला पुरले असते. ते त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची तजवीज कोणी केलेली नव्हती.